फोटो चांगला आला आहे

उजवा गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेला वर्ष होत आले होते, तेव्हा तपासणीसाठी मिरजेला गेले. डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली, धातू आणि हाड यांच्या मधल्या रेषेवरून पेनाचे टोक हळूहळू फिरवले आणि समाधानाने म्हणाले, "फोटो चांगला आला आहे." मलाही बरे वाटले. बाहेर आल्यावर फिजिओथेरपीचे शिक्षण घेणाऱ्या एका मुलीने बारा प्रश्नांचा कागद हातात दिला आणि मागच्या चार आठवड्यांतला अनुभव आठवून खुणा करायला सांगितले. वेदना, आंघोळ, बसमध्ये चढणे-उतरणे, चालणे, खुर्चीवरून उठणे, लंगडणे अशी सहा उत्तरे झटपट झाली. सातव्या प्रश्नाशी मात्र मी थांबले. गुडघे टेकून बसता आणि त्यानंतर पुन्हा उठता येते का, असा तो प्रश्न होता. पर्याय 'सहज येते' पासून 'अशक्य आहे' पर्यंत पाच. माझे उत्तर त्यांपैकी कशातच बसत नव्हते, कारण वर्षभरात मी गुडघे टेकून पाहिलेच नव्हते. घरी सोडताना 'खाली बसू नका' असे सांगण्यात आले होते आणि ते मी तंतोतंत पाळले होते. न येणे आणि न करणे या दोन गोष्टींसाठी त्या कागदावर एकच चौकट होती.

शेजारच्या बाकावर सीमेपलीकडून आलेल्या एक आजी बसल्या होत्या. त्यांना मराठी जुजबी येत होते आणि वाचता येत नसावे. त्यांच्या हातातला तोच कागद मुलगा भरत होता. तो प्रश्न वाचायचा, कन्नडमध्ये दोन शब्दांत आईला विचारायचा, आजी काहीतरी लांबलचक सांगू लागायच्या आणि त्यांचे वाक्य पुरे होण्याआधीच तो खूण करून पुढच्या प्रश्नाकडे वळायचा. मुलगा प्रेमळ होता. आईची पिशवी, पाण्याची बाटली, काठी असे सगळे सांभाळून उभा होता. रात्रीच्या वेदनेच्या प्रश्नाला आजींनी दोन्ही हातांनी पोटरीपासून मांडीपर्यंत काहीतरी दाखवले, डोळे मिटले, मान हलवली. त्याने 'काही रात्री' या पर्यायावर खूण केली. आजींनी जे दाखवले ते मला कन्नड येत नसूनही त्याहून पुष्कळ मोठे वाटले. तो कागद पुढे कुठेतरी संगणकात जाईल, त्याची बेरीज होईल आणि ती बेरीज आजींच्या नावावर जमा होईल, हा विचार त्या दिवसापासून मला सोडत नाही.

मी गणिताची शिक्षिका होते. आकड्यांवर माझा विश्वास आहे आणि शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत त्या विश्वासाने मला आधारही दिला. फिजिओथेरपिस्ट रोज कोनमापक घेऊन यायची. शाळेतला तो अर्धवर्तुळाकार कोनमापक आयुष्यभर मुलांच्या हातात दिला होता. इथे त्याला दोन लांब पट्ट्या जोडलेल्या असत. एक पट्टी मांडीच्या रेषेत, दुसरी नडगीच्या रेषेत आणि मधला बिंदू गुडघ्याच्या बाजूला. पलंगावर टाच सरकवत सरकवत गुडघा वाकवायचा, पुढे सरकेना की दात आवळून आणखी थोडा वाकवायचा आणि मग ती आकडा सांगायची. साठ, पंचाहत्तर, नव्वद. नव्वद झाले त्या दिवशी माझ्या यजमानांनी शेजारी पेढे वाटले. त्या आकड्यांवर माझा संशय नाही. पण त्याच दिवसांत त्या कोनमापकाला न दिसणाऱ्या कितीतरी गोष्टी माझ्या पायात घडत होत्या. व्रणाच्या बाहेरच्या अंगाला तळहाताएवढी जागा बधिर झाली होती. तिथे बोट टेकवले तर कापडावरून दुसऱ्या कुणाच्या पायाला हात लावल्यासारखे वाटे. शस्त्रक्रियेचा छेद घेताना त्वचेचे बारीक मज्जातंतू तुटतात म्हणून असे होते, हे नंतर कळले. संध्याकाळी गुडघा हाताला गरम लागे आणि हा गरमपणा कित्येक महिने राहिला. चालताना मधूनच आतून 'खट्' असा आवाज येई, अजिबात न दुखता. तरी त्या आवाजाने मी जागीच उभी राहत असे. हे कुणी विचारले नाही म्हणून मी सांगितले नाही आणि मी सांगितले नाही म्हणून ते कुठेही नोंदले गेले नाही.

रुग्णाला वर्षाने शोधून काढून 'आता कसे आहे' असे विचारावे, ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. बॉस्टनमधले शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिचा आग्रह धरला. प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड ठेवायचे आणि निदान वर्षभराने त्याला उपचाराचा उपयोग झाला की नाही, झाला नसेल तर का झाला नाही, हे त्यावर लिहायचे. मोठ्या रुग्णालयाला हे रुचले नाही; १९१४ साली कॉडमन तिथून राजीनामा देऊन बाहेर पडले. १९११ ते १९१६ या काळात त्यांच्या स्वतःच्या छोट्या रुग्णालयातून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांचा हिशेब त्यांनी छापून प्रसिद्ध केला आणि त्यात आपल्या १२३ चुका मोजून मांडल्या. या माणसाविषयी वाचताना माझ्या मनात अपार आदर दाटून आला. तरीही त्या कार्डावर लिहिणारा हात डॉक्टरांचाच होता. पुढे कृत्रिम खुबे आणि गुडघे आले, त्यांच्या यशाची मापेही आली, पण बराच काळ ती मापे शल्यचिकित्सकच भरत असत. पाय किती वाकतो, किती सरळ होतो, सांधा डगमगतो का, अशी ती मापे होती.

माझ्या हातातला तो बारा प्रश्नांचा कागद ऑक्सफर्डचा. खुब्यासाठी १९९६ साली आणि गुडघ्यासाठी १९९८ साली तो तयार झाला, तोही शस्त्रक्रियेसाठी आलेल्या रुग्णांशी बोलून, तुम्हाला नेमके काय जड जाते असे त्यांनाच विचारून. हे समजल्यावर सातव्या प्रश्नाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. कुणा इंग्रज बाईने बागेत वाफ्याशी गुडघे टेकता येत नाहीत असे सांगितले असेल, कुणी चर्चमधल्या प्रार्थनेविषयी बोलले असेल, अशी माझी कल्पना. प्रश्न त्यांच्या जगण्यातून उगवला होता, म्हणून तो इतका नेमका होता. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेने एप्रिल २००९ पासून खुबा आणि गुडघा बदलणाऱ्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी आणि सहा महिन्यांनंतर असे प्रश्न विचारण्याची रीतच घालून दिली. एका संपूर्ण देशाने आपल्या म्हाताऱ्या माणसांना 'जिना उतरता येतो का, रात्री झोप लागते का' असे विचारून त्यांची उत्तरे जपून ठेवावीत, हे मला फार मोलाचे वाटते.

पण उत्तरांची बेरीज होते तिथे माझ्यातली शिक्षिका अडखळते. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण आणि बारा प्रश्नांचे मिळून जास्तीत जास्त ४८. आधी हीच मोजणी उलटी होती, १२ पासून ६० पर्यंत, आणि गुण जितके कमी तितका गुडघा चांगला. शस्त्रक्रियेआधी माझे गुण १६ होते, वर्षाने ३९ झाले. हा फरक खरा आहे. तो मी पायऱ्या उतरताना रोज अनुभवते. मात्र 'खूप त्रास' पासून 'मध्यम त्रास' पर्यंतचे अंतर आणि 'थोडा त्रास' पासून 'काहीच नाही' पर्यंतचे अंतर एकसारखे आहे, असे गणिताला धरून म्हणता येणार नाही. माझ्या बाबतीत पहिले अंतर एखाद्या नदीएवढे होते. शिवाय एकीला रात्रभर ठणका लागतो पण बाजारहाट जमते, दुसरीला शांत झोप लागते पण घराबाहेर पडता येत नाही आणि दोघींचे गुण ३० येतात. त्या दोघींची सकाळ मात्र सारखी नसते. गुडघा बदललेल्या शंभर जणांतल्या नव्वदाहून अधिक जणांचे गुण वाढतात, हे इंग्लंडच्या नोंदींतून दिसते. आणि त्याच इंग्लंडमध्ये व कॅनडामध्ये झालेल्या मोठ्या पाहण्यांत गुडघा बदललेल्या दर पाच जणांमागे सुमारे एक जण पुरता समाधानी नाही, असेही आढळले. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. या दोहोंच्या मध्ये जे उरते, ते मला जाणून घ्यायचे होते.

माझ्या आईचे गुडघे असेच गेले होते. तिच्या काळी आमच्या घरात गुडघा बदलण्याचा विचारही कुणाच्या मनात आला नसता. सांगलीच्या जुन्या घराचा जिना ती आडवी होऊन उतरायची. एक पाऊल खालच्या पायरीवर, मग दुसरे त्याच पायरीवर आणि उजवा हात भिंतीवर टेकलेला. चुना लावलेल्या त्या भिंतीवर तिच्या हाताच्या उंचीला एक गुळगुळीत, काळपट पट्टा पडला होता. दर दिवाळीला भिंतीला नवा हात दिला जाई आणि संक्रांतीपर्यंत पट्टा परत उमटे. तिला कुणी विचारले, 'माई, गुडघे कसे आहेत?' तर ती म्हणे, 'वयाप्रमाणे आहेत.' तिच्या हातात हा कागद कुणी दिला असता तर तिने कदाचित सगळीकडे 'थोडा त्रास' अशीच खूण केली असती. कारण तिने आपले जगणे गुडघ्यांच्या मापाने आधीच बेतून घेतले होते. माडीवरची कामे मुलींकडे दिली होती, दूरच्या लग्नांना जाणे सोडले होते, वटपौर्णिमेला वडाची फांदी घरी आणून पूजा करत होती. जे करायचेच सोडून दिले, त्याचा त्रास कसला? माणूस आपली अपेक्षा हळूहळू खाली आणतो आणि मग त्या खालच्या अपेक्षेच्या मानाने आपण बरे आहोत असे मनापासून सांगतो. या विषयाच्या अभ्यासकांनीही हे हेरले आहे की आजारपणातून गेलेल्या माणसाची मोजपट्टीच सरकते, आणि आधीचे उत्तर व नंतरचे उत्तर एकाच पट्टीवरचे राहत नाही.

याच्या उलटही होते. वेदना गेली की माणूस अधिक मागू लागतो. पहिल्या महिन्यांत मला फक्त रात्रीची झोप हवी होती. ती मिळाली तेव्हा भाजी मंडईपर्यंत चालत जावेसे वाटले. ते जमले तेव्हा गणपतीच्या देवळात समोर जमिनीवर बसून अथर्वशीर्ष म्हणावे असे वाटू लागले आणि खुर्चीवर बसून म्हणताना दर वेळी काहीतरी उणे राहिल्याची रुखरुख वाटू लागली. माझे गुण वाढत होते आणि त्यांच्याबरोबर माझी रुखरुखही वाढत होती. एका परदेशी चमूने २०१२ साली बारा प्रश्नांचे एक निराळेच माप प्रसिद्ध केले. दुखते का, असे ते विचारत नाही. झोपताना, चालताना, जिना चढताना, प्रवासात आपला सांधा आपल्याला जाणवतो का, एवढेच विचारते. ज्याला सांध्याचा विसर पडला त्याला सर्वांत अधिक गुण. मला ते माप मनापासून पटले. त्या मापाने पाहिले तर सकाळच्या पहिल्या पावलाला आणि पावसाळी हवेत माझा गुडघा आपली आठवण करून देतो आणि दुपारी स्वयंपाकघरात तासभर उभी असताना तो आहे हे माझ्या लक्षातही नसते. एकाच दिवसात दोन्ही.

मात्र जमिनीवर बसण्याचे काय?

हा प्रश्न परदेशातून आलेल्या बहुतेक कागदांवर नसतो आणि तो त्यांचा दोष नाही. आणखी एक प्रसिद्ध प्रश्नावली चोवीस प्रश्नांची आहे, कॅनडात तयार झालेली. तिच्यात मोजे घालताना आणि काढताना किती त्रास होतो हे दोन प्रश्नांत विचारलेले आहे. टबमध्ये उतरणे आणि बाहेर येणे हेही आहे. मी आयुष्यात मोजे फारसे घातले नाहीत आणि आमच्या न्हाणीत बादली, तांब्या आणि बसायला लाकडी पाट असतो. शस्त्रक्रियेनंतर पाटाच्या जागी प्लास्टिकची खुर्ची आली. देवघर जमिनीपासून वितभर उंचीवर होते, ते भिंतीवर गेले. पोळ्या लाटणे ओट्यावर होतेच. पण दिवाळीत चकल्या पाडायला, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला, सत्यनारायणाला, पंगतीला खाली बसावे लागते. खुर्चीतून उठायला गुडघा ९० अंशांच्या थोडा पुढे वाकला तरी पुरतो. मांडी घालायला किंवा उकिडवे बसायला तो १३० अंशांच्याही पुढे वाकावा लागतो. आतल्या प्लास्टिकच्या चकतीची झीज वाचवण्यासाठी तसे बसू नका, असे बहुतेक डॉक्टर सांगतात आणि त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच की, ही किंमत आहे आणि ती कुठेतरी लिहिली जावी. आपल्या देशात या दिशेने पूर्वी विचार झालेला आहे. जयपूरचे डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस कृत्रिम पाय घडवला, तेव्हा इथला माणूस अनवाणी चालतो, चिखलात उतरतो, उकिडवा बसतो, मांडी घालतो, हे त्यांनी आधी पाहिले आणि पाय त्यानुसार घडवला. कृत्रिम पाय घडवताना जी नजर त्यांनी वापरली, ती प्रश्न घडवतानाही वापरता येईल, असे मला वाटते.

सातव्या प्रश्नाचे उत्तर मी नंतर शोधले. सांगलीतल्या फिजिओथेरपिस्ट मुलीने डॉक्टरांना फोन करून विचारले. गुडघे टेकायला हरकत नाही, उकिडवे मात्र बसू नका, असा निरोप आला. तिने सतरंजीची चौपदरी घडी जमिनीवर घातली, पलंग हाताशी राहील असा, आणि ती शेजारी उभी राहिली. आधी डावा गुडघा टेकवला, मग उजवा. दुखले नाही. पण बधिर झालेल्या जागेवर भार आला तेव्हा आपण कशावर टेकलो आहोत हे त्वचेला कळेना. खाली सतरंजी आहे हे डोळ्यांनी पाहून खात्री करावी लागली. अंगावर काटा आला. उठताना पलंगाच्या कडेला धरून, डावा पाय पुढे घेऊन उठले. 'मध्यम त्रासाने' ही खूण योग्य ठरली असती. वर्षभर जे अशक्य समजून चालले होते, ते एका 'खाली बसू नका' या वाक्यात अडकलेले होते. माझ्यासारख्या किती जणी हा प्रश्न 'अशक्य' म्हणून सोडवत असतील आणि त्यांच्या गुडघ्यांच्या नावावर ते कमी गुण लागत असतील, असा विचार तेव्हा मनात आला.

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमच्या सर्वसाधारण गुडघ्यासाठी कराव्यतिरिक्त ५४,७२० रुपये ठरले आणि माझ्यासारख्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांना धीर आला. वस्तूची किंमत इतक्या बारकाईने ठरवता येते, तर ती वस्तू बसवल्यावर माणसाला काय मिळाले, हे विचारण्याचीही तितकीच पक्की व्यवस्था असावी, असे मला कळकळीने वाटते. कागद रुग्णाच्या भाषेत असावा. ज्याला वाचता येत नाही त्याला तो शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांखेरीज दुसऱ्या कुणी वाचून दाखवावा आणि तेवढा वेळ मुलाने, सुनेने, नवऱ्याने बाहेर बसावे. डॉक्टरांसमोर आपल्याकडे कुणी तक्रार करत नाही. त्यांनी एवढे केले, त्यांना वाईट कशाला वाटू द्यायचे, हा विचार आधी येतो. आणि शस्त्रक्रियेआधी एक प्रश्न मोकळा असावा, चौकटी नसलेला: पाय बरा झाल्यावर तुम्हाला काय करायचे आहे?

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी मागच्या पावसाळ्यात घसरल्या आणि नडगीचे हाड मोडले. सरकारी योजनेतून आत सळई बसवली. त्या परत कामावर आल्या त्या दिवशी मी त्यांना तब्येत विचारली, तेव्हा त्या म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात फोटो एकदम बेस आलाय, हाड जुळलंय. पण बाई, फरशी पुसायला खाली बसवत नाही. चार घरची कामं होती, दोनच राहिली." त्यांच्या हाडासाठी माझा गुडघ्याचा कागद नाही, हे मला ठाऊक होते. तरी दुपारी चहा झाल्यावर मी त्यांना समोर बसवले आणि त्यातले प्रश्न एकेक करून विचारले. वेदनेचे उत्तर त्यांनी एका शब्दात दिले. नेहमीच्या कामात अडथळा येतो का, या प्रश्नावर त्या बराच वेळ बोलल्या: कोणत्या घरी कपडे धुवायचा दगड उंच आहे, कोणत्या घरी मोरी खोल आहे, लादी पुसायला लांब दांड्याचा पोछा एका बाईंनी आणून दिला आणि दुसऱ्या बाईंनी नवीन बाई ठेवली, एसटीची पायरी चढताना कंडक्टर हात देतो तो आणि देत नाही तो, महिन्याला किती पैसे कमी येतात. हे सगळे चौकटीत बसणारे नव्हते, म्हणून मी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांच्याच शब्दांत लिहीत गेले. लिहून झाल्यावर वाचून दाखवले. दोन ठिकाणी त्यांनी दुरुस्ती सांगितली. 'दुखतं' असे मी लिहिले होते ते त्यांनी खोडायला लावले आणि 'भरून येतं' असे लिहून घेतले. मग त्यांनी विचारले, "हे डॉक्टर वाचतील का?"

"तुम्हीच द्या त्यांच्या हातात आणि वाचा म्हणावं," मी म्हटले. एक्स-रेच्या पाकिटाला तो कागद टाचून त्यांनी पिशवीत ठेवला. त्यांची तपासणी पुढच्या मंगळवारी आहे.